लाल खणाची टोपी

उदगीरात विमानाला इस्त्री केलेली बाई मी एकटीच. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तेव्हा मला ते नुसतं काम वाटलं होतं, ब्लाऊजला हुक लावण्यासारखं. पण शिवणक्लासला कोणी नवीन बाई आली की जुन्या तिला कोपरानं ढोसून सांगतात, "बाईंनी अप्पांच्या विमानाला इस्त्री केलती." मग ती नवीन माझ्याकडे बघत राहते आणि मला काय चेहरा करावा कळत नाही. अप्पा गेल्यापासून पुष्कळ गोष्टींना काय चेहरा करावा ते मला कळत नाही. ते गेले त्या दिवशी मी रडले नाही. नंतरही नाही. गल्लीत बोलतात, एवढं शेजारपण, एवढा घरोबा, आणि बाईंच्या डोळ्यात टिपूस नाही. नाही तर नाही. डोळे माझे आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डाळ मिल आहे. महालिंगअप्पा तिचे मालक. मिल सुरू झाली की तुरीचा भुस्सा उडतो आणि आमच्या ओट्यावरची तुळस पिवळी दिसायला लागते. यावरून माझं आणि अप्पांचं पहिलं भांडण झालं, लग्न होऊन मी इथं आले त्याच वर्षी. अप्पा वयानं मोठे, तरी मला "अक्का" म्हणायचे, भांडतानासुद्धा. "आवं अक्का, भुस्सा काय मी उडवलालो का? वारं उडवलालंय," असं म्हणून त्यांनी ओंजळभर भुस्सा वर फेकून दाखवला. तो कुठं जातो ते बघत उभे राहिले. कौलांवरून गेला, लिंबावरून गेला, आणि मी समोर कमरेला पदर खोचून उभी आहे हे तो माणूस विसरूनच गेला. मी हात टेकले आणि घरात आले.

अप्पांना ज्याच्यात त्याच्यात वजन दिसायचं. धंदाच तसा, मूठभर तूर हातात घेऊन ओली की वाळली सांगायची. पण ही सवय मिलच्या बाहेरही यायची. चहाचा कप उचलला की पिण्याआधी हातात जोखून बघायचे. कोणी नवी मोटारसायकल घेतली तर रंग नाही, कंपनी नाही, "वजन सांगा आधी." माझ्या नातीच्या बारशाला आले तर बाळाला दोन्ही तळहातांवर घेऊन नमुन्याच्या पोत्यासारखं खालीवर केलं आणि म्हणाले, "तीन किलोच्या वर हाय. वाळलेलं न्हाई, चांगलं हाय." आमच्या विहीणबाई एवढ्या चिडल्या की न जेवता निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवायला धावले, आणि अप्पा तिकडे पेढ्याचा बॉक्स जोखत बसलेले.

अर्ध्या वयात हा माणूस दर आठवड्याला हैदराबादकडे जायला लागला. शनिवारी सकाळी जायचा, सोमवारी तोंड काळवंडून परत. मिलमधली माणसं गप्प, घरात त्यांच्या मंडळी, जगदेवी वैनी, गप्प. गल्लीनं ओळखायचं ते ओळखलं. तिकडे बाई ठेवलीय, असं माझ्या ओट्यावर बसून मला सांगून गेलेल्या बायका आहेत. मी कानावर घेतलं आणि मशीन चालवत राहिले. पुढं कळलं की अप्पा तिथल्या एका क्लबात छोटं विमान चालवायला शिकत होते आणि त्यांना परवानाही मिळाला होता. वैनी माझ्याकडे येऊन पाटावर बसल्या. बराच वेळ रीळ हातात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "बाई असती तर बरं होतं अक्का. जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्या."

क्लबातलं विमान चालवून अप्पांचं समाधान झालं नाही. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, म्हणायचे. मिलच्या मागचं जुनं गोदाम त्यांनी रिकामं केलं आणि तिथं स्वतःचं बांधायला घेतलं. नकाशे बाहेरून आले, इंजिन बाहेरून आलं, बाकी सगळं हातानं. एका दुपारी ते कापडाचा भलामोठा गठ्ठा खांद्यावर टाकून थेट क्लासात आले. बायका खांद्यावरचे पदर सावरायला लागल्या. अप्पांचं कुणाकडे लक्षच नाही.

"अक्का, उशीचा अभ्रा शिवता न्हवं का तुम्ही?"

"शिवते."

"तसाच शिवायचाय. उशी जरा लांब हाय."

ती उशी म्हणजे विमानाचा पंख. आधी मला वाटलं थट्टा आहे. गोदामात नेऊन दाखवलं तेव्हा तोंडाला पदर लावून उभी राहिले. पाईपांचा आणि पट्ट्यांचा सांगाडा, माशाच्या काट्यासारखा. त्यावर कापडाची गवसणी चढवायची, प्रत्येक पट्टीला दोऱ्यानं टाचायची, गाठ वर दिसता कामा नये. वर गाठ आली की तिथं हवा अडते, म्हणे. मी घातलेला टाका अप्पा बोट फिरवून तपासायचे आणि मला भयंकर राग यायचा. सासूनंसुद्धा माझा टाका असा तपासला नव्हता. एकदा मी सुई त्यांच्यापुढे धरली. "घ्या, तुम्हीच शिवा." अप्पांनी शांतपणे सुई घेतली, दोन टाके घातले, बघितले, उसवले आणि सुई परत दिली. त्यानंतर बोट फिरवणं बंद झालं असं नाही, पण मी नसताना फिरवायला लागले.

मग इस्त्री. ते कापड गरम इस्त्रीनं आकसतं आणि ताठ होतं. इस्त्री जास्त तापली तर वितळतं, कमी तापली तर सैल राहतं. अप्पांनी माझ्या घरची इस्त्री मागितली, मी म्हटलं इस्त्री देते तर मीच फिरवीन. पंखावर इस्त्री फिरवली आणि पुढून मागे सुरकुत्या एकेक करून मिटत गेल्या. अप्पांनी वरून टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली. मग एवढा मोठा माणूस, तीन जिल्ह्यांत ज्याची डाळ जाते, तो गोदामात एकटाच टिचक्या मारत फिरत होता, आणि मी इस्त्रीची वायर गुंडाळत होते. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणं आठवतं, पण वाटत नाही.

वजनापायी त्यांनी काय काय सोडलं! पोळ्या मोजून खायचे. रोज सकाळी मिलच्या काट्यावर पोत्यांच्या आधी स्वतः उभे राहायचे. वैनींच्या पुरणपोळीला हात लावेनात, तेव्हा वैनींनी दोन दिवस चूल पेटवली नाही. अप्पा लिंगायत, गळ्यातल्या लिंगाला चांदीची पेटी होती, वडलांच्या हातची. ती कपाटात ठेवली आणि माझ्याकडून कापडाची छोटी पिशवी शिवून घेऊन लिंग त्यात घातलं. "लिंग सोडणार न्हाई, चांदी सोडतो," म्हणाले. वैनींना ते फार लागलं.

वैनी त्या गोदामात पाऊल ठेवत नव्हत्या. माझी सवत तिथं राहते, म्हणायच्या. पण एका खंडेनवमीला हळदीकुंकवाचं ताट घेऊन आपण होऊन आल्या. मिलची यंत्रं पुजून झाली होती, काटा पुजून झाला होता. मला म्हणाल्या, "चला अक्का, तिलाबी कुंकू लावून येऊ. आमच्याच पैशावर जगलीय." विमान तोवर उभं राहिलं होतं. इंजिन आणि पंखा पाठीमागं, पुढं निमुळतं नाक, मध्ये बसायची जागा. वैनींनी चहूबाजूंनी बघितलं. आत डोकावल्या.

"आन् मी कुठं बसायचं?"

अप्पा पान्हा पुसत होते. "एकाचंच हाय गं. दोन शिटा केल्या की वजन वाढतंय."

वैनींनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि नाकाला लावलं. चाकांना लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. उदबत्ती कुठं खोवायची म्हणून इकडे तिकडे बघितलं, तर नाकाच्या टोकाला पुढं आलेली एक बारीक नळी होती, बरोबर उदबत्तीच्या मापाची. त्यांनी तिथं खोवली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट देवानंच सोय केलेली वाटली.

विमानाची पळवापळवी चालायची ती वैनींच्या माहेरच्या माळावर, मुखेडच्या अलीकडे. काही पिकत नाही अशी सपाट जमीन, वैनींचे धाकटे भाऊ शिवराज यांच्या नावावरची. अप्पांनी रोलर फिरवून तिथं पट्टी करून घेतली होती आणि पत्र्याचं शेड टाकलं होतं. उडवायला सरकारची परवानगी लागते, ती यायची होती. तोवर जमिनीवर पळवून बघायचं. पंख काढून ट्रकवर घालून विमान तिकडे गेलं, जोडलं, पळवलं, आणि वेगाचा काटा जागचा हलेना. अप्पांनी तबकडी उघडली, वायरी बघितल्या, क्लबातल्या माणसांना फोन केले, जेवण सोडलं. शेवटी बॅटरी लावून नळीत बघितलं तर आत राख, कुंकवाचा गोळा आणि उदबत्तीची मोडलेली काडी. वारा त्या नळीतून आत जातो आणि त्याच्या दाबावर काटा हलतो. काटा मेला तर किती वेगानं चाललोय ते चालवणाऱ्याला कळत नाही, आणि वेग कमी पडला की विमान खाली येतं.

अप्पा ती काडी हातात धरून मुखेडहून आले. गल्लीतून चालत घरी गेले. मी मशीन सोडून मागोमाग गेले, कारण मला वाटलं आज काही खरं नाही. वैनी भाकरी थापत होत्या. अप्पांनी काडी परातीशेजारी ठेवली.

"तुझा देव पावला. काटा मारून टाकला."

वैनींनी ऐकून घेतलं. काटा म्हणजे काय, नळी म्हणजे काय, वर असतो तर काय झालं असतं, सगळं. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "मग उगडं कामून ठेवलं ते भोक? बाईमाणसाला भोक दिसलं की उदबत्ती लावणारच."

अप्पा उभे होते ते खाली बसले. म्हणाले, "खरं हाय तुझं." त्या नळीला टोपी घालायची असते, हे त्यांना शिकवलेलं होतं. करू करू म्हणत राहून गेली होती.

टोपी मीच शिवली. लांबून दिसावी म्हणून लाल पाहिजे, खाली शेपटी लोंबती पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे वैनींच्याच ब्लाऊजचा खण उरला होता, तो घेतला, आतून अस्तर लावलं. बोटाएवढी टोपी. अप्पांनी जोखून बघितली आणि पहिल्यांदाच वजनाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी नियम केला, ही टोपी फक्त जगदेवीनं काढायची. "जिनं उदबत्ती खोवली ती नळी बघितल्याबिगर सोडणार न्हाई. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून दर खेपेला वैनी माळावर जायला लागल्या. इंजिन तापलं की अप्पा आतून ओरडायचे, "जगदेवी, नाक बघ!" वैनी पुढून टोपी काढायच्या, डोळा लावून नळी बघायच्या आणि लाल टोपी हात उंच करून दाखवायच्या. ती दिसल्याशिवाय अप्पा हलायचे नाहीत. विमान पट्टीवरून पळून परत येईपर्यंत टोपी वैनींच्या मुठीत. आलं की पुन्हा नाकावर. वैनींनी सवत म्हणणं कधी बंद केलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

परवानगी काही येईना. कागद जात होते, माणसं येऊन बघून जात होती, नवीन कागद मागत होती. अप्पा म्हणायचे, "एकदा. नुसतं एकदा माझं मी वर नेतो. मग गोदामात ठिवून कुलूप लावा." ही एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती. पोरी चांगल्या घरी पडल्या होत्या, मिल चालत होती, दुसरं काही मागणं नव्हतं. क्लबातली विमानं त्यांनी पुष्कळ उडवली. पण ते चढले ते कायम दुसऱ्यानं बांधलेल्यात.

वैमानिकाला अधूनमधून डॉक्टरचा दाखला लागतो. त्यासाठी अप्पा हैदराबादला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहिले नाहीत. सरळ घरात जाऊन पाटावर बसले आणि वैनींना म्हणाले, "पुरण घाल आज." वैनींनी घातलं. अप्पांनी तुपात बुडवून पोळ्या खाल्ल्या, न मोजता. वैनी वाढत होत्या आणि मागच्या दारातून मला खूण करत होत्या. मी आत गेले तर पातेल्याच्या आडून पुटपुटल्या, "अक्का, ह्यांना नापास केलंय."

छातीचे ठोके चुकत होते. जमिनीवर जगायला हरकत नाही, गोळ्या घ्या, हिंडा फिरा. वर जायचं नाही. आणि परवानगीचा कागद आला तो त्यानंतर. कागद आला तेव्हा मला वाटलं, असा राग मला कधी कुणाचा आला नव्हता. पण तो कुणाचा ते सांगता येईना. क्लबातले एक कॅप्टन फोनवर म्हणाले, मी येऊन उडवतो, तुम्ही खालून बघा. अप्पा म्हणाले, "बघतो." त्यांना बरोबर नेता आलं असतं, पण विमान एकाचंच. अप्पा गोदामाच्या दारात त्या एका सीटकडे बघत उभे होते. मी कपडे वाळत घालत होते, मला दिसत होतं. मी दोन वेळा पिळलेलं लुगडं तिसऱ्यांदा पिळलं.

पुढं हिवाळ्यात अप्पा म्हणाले, इंजिन बसून राहिलंय, माळावर जाऊन जरा पळवून आणू. उडवायचं नाही. पंखाच्या कडेला उंदरानं कुरतडलं होतं, ते ठिगळ लावायला मीही गेले, सुई आणि इस्त्री घेऊन. शिवराजच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरावरून, वायर ओढून इस्त्री लावली. ठिगळ बसलं. अप्पांनी टिचकी मारून बघितली आणि मला हात जोडले. ते मला कधी हात जोडत नव्हते.

मग मला एकेक दिसायला लागलं. टाकी काठोकाठ भरली होती. जमिनीवर पळवायला एवढं पेट्रोल कोण भरतं? अप्पांनी दाढी घोटून केली होती. आणि शिवराजला त्यांनी पट्टीच्या पार पलीकडची गुरं हाकलायला सांगितलं. पळवून परत यायचं असतं तेव्हा विमान तिथवर जातच नाही. मी वैनींकडे बघितलं. वैनी भाकरीचं गठुडं शेडमध्ये ठेवून नाकाकडे चालल्या होत्या, आणि त्यांना सगळं कळलेलं होतं. चालण्यावरून समजतं.

अप्पा आत बसले, पट्टे आवळले, इंजिन लावलं. मागं धूळ उठली. इंजिन तापलं. अप्पा ओरडले, "जगदेवी, नाक बघ!"

वैनींनी हात पुढं केला. बोटं टोपीवर ठेवली. आणि तशीच ठेवली.

अप्पा बघत होते. वैनी त्यांच्याकडे बघत होत्या. मध्ये हातभर अंतर. वैनी रडल्या नाहीत, आडव्या पडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. काही म्हणाल्या असतील तर इंजिनापुढे ऐकू आलं नाही, पण मला वाटतं म्हणाल्या नाहीत. शिवराजला वाटलं टोपी अडकलीय. तो धावत आला आणि हात घालणार तेवढ्यात अप्पांनी आतून बोट हलवलं. नाही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

किती वेळ गेला मला माहीत नाही. अप्पांना उतरून ती टोपी ओढून काढता आली असती. न काढताही पळवता आलं असतं. ते बसून राहिले, ब्रेक दाबून. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, विनवणी नव्हती, आणि वैनींच्या तोंडावरही नव्हती. मला ओरडावंसं वाटलं, काढा वैनी. आणि मला ओरडावंसं वाटलं, काढू नका. 

अप्पांनी इंजिन बंद केलं.

माळावर एकदम टिटवी ऐकू आली. अप्पा पट्टे सोडून उतरले, वैनींच्या शेजारून गेले आणि शिवराजला म्हणाले, "गरम झालतं." मग आम्ही शेडमध्ये बसून भाकरी खाल्ली, शेंगाची चटणी आणि कांदा. अप्पा नेहमीसारखे जेवले. परत येताना गाडीत वैनी मध्ये बसल्या होत्या, त्यांचा एक हात अप्पांच्या गुडघ्यावर होता आणि अप्पांनी तो ढकलला नाही, धरलाही नाही.

विमान पुन्हा गोदामात आलं. पंख भिंतीला लावून ठेवले, नाकावर लाल टोपी तशीच. अप्पा दुपारी त्यात जाऊन बसायचे आणि पेपर वाचायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, राग आलाय का वैनींचा?" पेपर खाली न करता म्हणाले, "न्हाई ओ अक्का. काय वाटंनाच झालंय." मला ते तेव्हा समजलं नव्हतं. आता समजतं, आणि कुणाला सांगता येत नाही.

एकच पावसाळा गेला मध्ये. मिलच्या गादीवर बसून तुरीचा नमुना बघता बघता अप्पा आडवे झाले. मूठ उघडली तर आत तूर होती. डॉक्टर येईपर्यंत संपलेलं होतं. माणसं जमली, आणि जो तो म्हणायला लागला, बरं झालं वर नव्हते, वैनींनी वाचवलं त्यांना. वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी वाचवलं म्हनलालेत. कशातनं वाचवलं, अक्का?"  मी त्यांच्या साडीचा सुटलेला फॉल बोटानं दाबत बसले.

आमच्यात माणूस आडवा नेतात आणि जाळतात. त्यांच्यात बसवून नेतात आणि पुरतात. जंगम स्वामींनी अप्पांना आंघोळ घातली, कपाळभर भस्म लावलं, मांडी घालून खुर्चीत बसवलं. डोकं ढळू नये म्हणून कपाळावरून पांढरी पट्टी मागं बांधली. मी शिवलेल्या पिशवीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. खुर्चीला केळीचे खुंट आणि झेंडू बांधले. चौघांनी उचलली, आणि पुढचा एकजण पटकन बोलून गेला, "लई हलके हैत अप्पा."

अप्पांना तसंच ताठ बसायची सवय होती. मी माळावर किती वेळा बघितलं होतं. मला काही वाटलं नाही. मी पायात चप्पल आहे का ते बघितलं आणि बायकांबरोबर चालायला लागले.

गोदामापाशी आल्यावर वैनी म्हणाल्या, "थांबा."

भजन थांबलं. खांदेकरी थांबले. वैनींनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि एकट्या आत गेल्या. कुणीतरी कुजबुजलं, ह्या वेळी आत काय काम? मी त्या बाईकडे असं बघितलं की ती गप्प झाली. वैनी बाहेर आल्या तेव्हा त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. मुठीतून लाल शेपटी लोंबत होती.

त्या अप्पांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. अप्पा खांद्यांवर, उंच. वैनींना मान वर करावी लागली. त्यांनी हात वर केला, जेवढा जाईल तेवढा, आणि टोपी दाखवली.

"नाक बघितलं," त्या म्हणाल्या. "जावा."

खांदेकरी चालायला लागले. माणसांच्या डोक्यांवरून अप्पांची पाठ आणि ती पांढरी पट्टी दिसत होती. मग ते वळणावरून गेले. वैनी हात वर धरून तिथंच उभ्या होत्या.